लग्नाआधीचा फ्लॅट, लग्नानंतरचे वाटे

प्रश्न : लग्नाच्या दोन वर्षं आधी आम्ही दोघांनी मिळून बेळगावात अनगोळला 40 लाखांचा फ्लॅट घेतला. 28 लाख माझे, 12 लाख यांचे. खरेदीपत्रात दोघांची नावं आहेत, वाटे नाहीत. 70-30 चा करार स्टँपपेपरवर नोटरीसमोर केला होता. सासरचे म्हणतात, लग्न झालं की निम्मं-निम्मं. खरं काय?
– एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : लग्नाने मालकी बदलत नाही. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की पोर्तुगीज काळापासूनचा वेगळा कायदा लागतो. तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सामाईक होते. बेळगावात तसं नाही.

तुमची खरी अडचण कराराची आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. 100 रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावरातला हक्क अशा कागदाने ठरत नाही. मात्र खरेदीपत्र वाट्यांबाबत गप्प असेल, तर 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 मदतीला येतं : ज्याने जितके पैसे घातले, तितका त्याचा वाटा. पुरावा नसला, तरच निम्मं धरतात. म्हणून दोघांच्या पासबुकातल्या नोंदी आणि कर्जाच्या हप्त्यांचे उतारे आजच बँकेतून शिक्क्यासह घ्या. जुनी खाती बंद झाल्यावर हेच कागद मिळणं अवघड जातं.

वाद कायमचा मिटवायचा, तर 30 टक्क्यांपेक्षा जास्त त्यांचा जो काही हक्क निघेल तो त्यांनी तुम्हाला बक्षीसपत्राने द्यावा. त्यावर दोन साक्षीदार हवेत आणि सबरजिस्ट्रारकडे नोंदणी हवीच. इथे लग्नाचा फायदा होतो : कर्नाटकात नवरा-बायकोतल्या बक्षीसपत्राला बाजारभावावर नाही, ठरावीक मुद्रांक लागतो. लग्नाआधी ही सवलत नव्हती. कर्ज चालू असेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या. नंतर ई-खात्यात (पालिकेच्या मालमत्ता नोंदीत) आणि ईसीत (मालमत्तेवरचे व्यवहार व बोजे दाखवणाऱ्या दाखल्यात) नोंद उतरली का, ते पाहा. कागद कन्नडमध्ये असतात, नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा. खरेदीपत्रावर माहेरचं नाव असलं तरी चालतं, विवाह नोंदणीचा दाखला सोबत जपा.

लग्नाने बदलतात ते वारस. मृत्युपत्र नसताना हिंदू पतीचा वाटा पत्नी, मुलं आणि त्याची आई यांच्यात समान जातो. तुमच्या पश्चात तुमचा वाटा पती आणि मुलांकडे जाईल, आईवडिलांकडे नाही. त्यांच्यासाठी काही ठेवायचं असेल तर मृत्युपत्र करा. हिंदूंचं आधीचं मृत्युपत्र लग्नाने रद्द होत नाही; ख्रिस्ती वाचकांचं मात्र होतं, त्यांनी लग्नानंतर नवं करावं.