शहरातून काढलेल्या देवयानी दीर्घिकेच्या फोटोवरचा नारिंगी-करडा थर कसा काढावा? आणि इतके प्रोसेसिंग केल्यावर तो फोटो खरा राहतो का?

तुम्ही लिहिले आहे की डोंबिवलीच्या गच्चीवरून देवयानीच्या, म्हणजे एम ३१ च्या, एकेक मिनिटाच्या ९० फ्रेम्स घेतल्या, स्टॅक केल्या (एकावर एक जुळवून एकत्र केल्या) आणि स्ट्रेच करताच (पुसट भाग दिसावा म्हणून उजेड ताणताच) सगळ्या चौकटीवर नारिंगी-करडा थर पसरला. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे, हा तुमचा पहिला प्रश्न. काहीही विकत घेऊ नका. सिरिल हे खगोलछायाचित्रांच्या प्रोसेसिंगचे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि या कामाला पुरते. एवढी कापाकापी केल्यावर फोटो खरा म्हणायचा का, या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच मुद्द्यावरून २०१९ मध्ये माझ्यावर खोटेपणाचा आरोप झाला होता आणि तो मी विसरलेलो नाही.

मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहतो. आमच्या गच्चीवरून उत्तरेला आणि ईशान्येला सगळे शहर पसरलेले दिसते, आणि देवयानी आपल्या अक्षांशावर याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडते तीही उत्तरेच्याच बाजूला, क्षितिजापासून साधारण ६७ अंशांवर. म्हणजे दुर्बिणीचे तोंड नेमके शहराच्या उजेडाकडे. त्या वर्षी लक्ष्मीपूजनाची अमावस्या ऑक्टोबरच्या अखेरीस होती. ती रात्र आम्हा लोकांची दरवर्षीच वाया जाते, कारण चंद्र नसला तरी धूर असतो. म्हणून पुढच्या अमावस्येच्या आसपासच्या सहा रात्री मी निवडल्या. ८० मिलिमीटर व्यासाची, ४८० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि मागे एपीएस-सी सेन्सरचा साधा डीएसएलआर, एवढेच साहित्य होते. एकेक मिनिटाच्या ६४० फ्रेम्स झाल्या. पातळ ढग, वारा आणि शेजारच्या इमारतीच्या जिन्यातला दिवा यांनी खराब केलेल्या ९२ मी एकेक डोळ्यांनी पाहून बाजूला काढल्या आणि ५४८ ठेवल्या, म्हणजे नऊ तासांहून थोडा अधिक प्रकाश. कॅमेरा रात्रभर तसाच दुर्बिणीला लावून ठेवायचो, फोकसला हात लावायचो नाही. पहाटे आजोबांच्या जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा दुर्बिणीच्या तोंडावर ताणून रबरबँडने बांधायचो, त्यावर एकही सुरकुती राहू द्यायचो नाही, आणि सूर्य उगवण्यापूर्वीच्या एकसारख्या उजेडात ३० फ्लॅट (कोपऱ्यांतला काळोख आणि धुळीचे डाग दुरुस्त करण्यासाठीच्या कोऱ्या उजेडाच्या फ्रेम्स) घ्यायचो. हे एवढे तपशिलात सांगतो आहे, कारण ज्या चित्राला पुढे ‘संगणकावर रंगवलेले’ म्हटले गेले त्यामागे काय होते ते कोणी विचारलेच नाही.

डिसेंबरमध्ये, २६ तारखेच्या सूर्यग्रहणाच्या निमित्ताने, मी ज्या हौशी गटात जात असे त्यांनी छोटे प्रदर्शन भरवले. माझा फोटो तिथे लागला आणि दुसऱ्या दिवशी काढला गेला. गटातले एक ज्येष्ठ निरीक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणत असू आणि ज्यांच्याकडून मी नक्षत्रे ओळखायला शिकलो, त्यांनी तो मला न विचारता उतरवला होता. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “शहरातून एवढं दिसत नाही. माझ्या आठ इंची दुर्बिणीतून फक्त मधला धुरकट ठिपका दिसतो. आणि नीट बघ, दीर्घिका कापून चिकटवल्यासारखी वाटतेय, भोवती काळं कडं आहे.”

पहिल्या दोन वाक्यांचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही होते. डोळा उजेड साठवत नाही, सेन्सर साठवतो. शहराचे आकाश उत्तम अंधाऱ्या आकाशापेक्षा सुमारे चार प्रतींनी (प्रत म्हणजे तेजस्वितेची खगोलीय पायरी), म्हणजे जवळपास चाळीस पटींनी उजळ असते, आणि देवयानीच्या बाहेरच्या भुजांचा उजेड त्या शहरी आकाशाच्या शंभराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी भरतो. समजा, एका फ्रेममध्ये एका पिक्सेलवर आकाशाचे १०,००० फोटॉन पडले आणि भुजेचे १००. आकाशाचे ते १०,००० वजा करता येतात, पण त्यांची अनिश्चितता, म्हणजे त्यांचे वर्गमूळ १००, वजा करता येत नाही. ती चित्रात नॉइज म्हणून उरते. भुजा १०० आणि नॉइजही १००, म्हणून एका फ्रेममध्ये काहीच दिसत नाही. शंभर फ्रेम्स एकत्र केल्या की भुजेचे १०,००० होतात आणि नॉइज होतो १,०००, आणि भुजा दिसू लागते. अंधाऱ्या ठिकाणी आकाशाचे फक्त २५० फोटॉन असते, तर त्याच भुजेने एका फ्रेममध्येच नॉइजच्या पाचपट वर डोके काढले असते. शहरातून फोटो काढणाऱ्याला जे मिळते ते तासांच्या बदल्यात मिळते, आणि त्यात लपवाछपवी कुठेही नाही.

काळ्या कड्याचे मात्र मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पाहिले तर कडे खरोखर होते.

माझ्या जोडणीत चौकट साधारण २.७ अंश गुणिले १.८ अंश एवढी येते, आणि देवयानी लांबीला तीन अंशांहून मोठी आहे. कर्णरेषेवर तिरकी बसवूनही ती चौकटभर पसरते आणि निखळ रिकामे आकाश उरते ते दोन कोपऱ्यांत. मी पार्श्वभूमी, म्हणजे आकाशाचा उजेड, काढताना तो मोजण्याच्या नमुनाबिंदूंची जाळी आपोआप टाकून दिली होती आणि त्या बिंदूंवरून आकाशाचा पृष्ठभाग बसवणारी बहुपदी चौथ्या घाताची, म्हणजे बरीच वळणे घेऊ शकणारी, घेतली होती. निम्मे बिंदू दीर्घिकेच्या पुसट बाह्य प्रकाशावर पडले, प्रोग्रामने त्यालाच आकाश समजून वजा केले, आणि दीर्घिकेभोवती खळगा पडला. सरांच्या डोळ्यांनी दोष अचूक टिपला होता.

ग्रहणाच्या आधीच्या शनिवारी मी तोरण्याच्या पायथ्याशी वेल्ह्याला गेलो. २०० मिलिमीटरच्या लेन्सने, सुमारे सहा अंश रुंद चौकटीत, त्याच दीर्घिकेच्या १०० फ्रेम्स घेतल्या. या चित्रात तिच्या चारही बाजूंना रिकामे आकाश होते, त्यामुळे तिचा प्रकाश नेमका कुठपर्यंत जातो हे दिसले. मग पुण्याच्या त्याच ५४८ फ्रेम्स पहिल्यापासून घेतल्या. या वेळी स्टॅक करण्यापूर्वी प्रत्येक फ्रेममधून फक्त पहिल्या घाताचा, म्हणजे सरळ उताराचा, ग्रेडियंट (चौकटीच्या एका बाजूकडून दुसरीकडे बदलत जाणारा आकाशाचा उजेड) काढला. याला कारण आहे. रात्र पुढे सरकते तशी शहराच्या उजेडाची दिशा चौकटीत बदलत जाते, आणि दुर्बीण फिरवणारे माउंट उलटले की ती चक्क १८० अंशांनी फिरते. असे शेकडो वेगवेगळे उतार एकमेकांत मिसळल्यावर जो वेडावाकडा पृष्ठभाग तयार होतो तो निस्तरायला मग वरच्या घाताची बहुपदी लागते. एका फ्रेममध्ये तोच उजेड बहुतेक सरळ उतारासारखा असतो, आणि सरळ उतार दीर्घिकेभोवती खळगा पाडूच शकत नाही. स्टॅक झाल्यावर उरलेल्या डागांसाठी वेल्ह्याचे चित्र शेजारी उघडून, फक्त रिकाम्या कोपऱ्यांत, हाताने १४ बिंदू ठेवले. कडे गेले. एम ११० या देवयानीच्या सोबती दीर्घिकेभोवतीचा पुसट प्रकाश परत आला, आणि नैर्ऋत्येच्या भुजेतला एनजीसी २०६ हा ताऱ्यांचा ढग वेल्ह्याच्या चित्रात जिथे होता तिथेच, त्याच आकाराचा उमटला.

मी मूळ फ्रेम्स, वजा केलेली पार्श्वभूमी आणि दोन्ही चित्रे पेनड्राइव्हवर घालून सरांना नेऊन दिली. त्यांनी ती उघडून पाहिली की नाही ते मला कधी कळले नाही. फोटो परत लागला नाही आणि मी त्या गटात जाणे थांबवले. माझ्या हातून पार्श्वभूमी काढण्यात चूक झाली होती आणि ती मी मान्य केली. पण चुकीला बनवाबनवी म्हणणे, आणि तेही समोरच्याच्या मूळ फाइल्स न मागता, हे मला आजही अन्यायाचे वाटते. ज्या पायरीवर काय वजा केले ते दाखवता येते आणि दुसरा माणूस त्याच फाइल्सवरून तेच चित्र काढू शकतो, ती पायरी खरी आहे. ब्रशने भुजा उजळवणे, किंवा जिथे फोटॉनच पोहोचले नाहीत तिथे धागेदोरे काढून देणारे एआयचे साधन चालवणे, हे मी खोटे मानतो आणि त्याबाबत मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

म्हणून तुमच्या नारिंगी थराबद्दल माझे सांगणे असे आहे. सगळ्यात वाईट सवय म्हणजे ग्रेडियंट झाकण्यासाठी ब्लॅक पॉइंट (ज्या पातळीखालचे सगळे काळे होते ती) ओढून आकाश काळेकुट्ट करणे. त्यात पुसट भुजा सगळ्यात आधी मरतात. थर स्ट्रेच करण्याआधीच काढा, कारण आकाशाचा उजेड दीर्घिकेच्या उजेडात मिळवला गेलेला असतो आणि ती साधी बेरीज-वजाबाकी स्ट्रेचनंतर उरत नाही. फ्लॅट न लावता ग्रेडियंट काढू नका. कोपऱ्यांतला काळोख हा भागाकाराचा दोष आहे आणि तो वजाबाकीने नीट होत नाही. स्टॅकच्या फाटक्या कडा आधी छाटा. आणि वजा केलेली पार्श्वभूमी वेगळी जतन करून तीच ताणून पाहा: तिच्यात दीर्घिकेच्या लंबवर्तुळाची छटा दिसली, तर तुम्ही दीर्घिकाच वजा केली आहे. ग्राक्सपर्ट हा ग्रेडियंट काढणारा प्रोग्राम वापरलात तरी हे पाहणे सोडू नका. रंगसमतोल ताऱ्यांच्या मोजलेल्या रंगांवरून करा, ती सोय सिरिलमध्ये आहे. डोळ्यांना आवडेल तसा निळा रंग चढवू नका.

प्रकाशप्रदूषणाच्या फिल्टरवर देवयानीसाठी पैसे घालू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. दीर्घिकेचा प्रकाश ताऱ्यांचा असतो, सगळ्या वर्णपटावर पसरलेला, आणि पांढऱ्या एलईडीचाही तसाच. पिवळ्या सोडियम दिव्यांच्या काळात फिल्टरला जो थोडाफार अर्थ होता तो आता उरलेला नाही. तेजोमेघांना मात्र हे लागू नाही. रोझेट किंवा मृगातील तेजोमेघ हायड्रोजनच्या ६५६.३ आणि ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटरच्या रेषांत चमकतात, आणि त्या दोनच रेषा जाऊ देणारा सात नॅनोमीटरचा फिल्टर शहरात फार मोठा फरक पाडतो. तसेच, तुमच्याकडे लहान नाभीय अंतराची लेन्स असेल आणि दीर्घिकेभोवती भरपूर मोकळे आकाश येत असेल, तर माझी अर्धी डोकेदुखी तुम्हाला होणारच नाही. आपोआप टाकलेले बिंदूही बहुतेक चालतील, फक्त दीर्घिकेवरचे हाताने काढून टाका.

आणि ९० मिनिटे कमी आहेत. डोंबिवलीच्या आकाशात तेवढ्यात गाभा, आतले धुळीचे पट्टे, आणि एम ३२ व एम ११० या दोन सोबती दीर्घिका नीट याव्यात. एनजीसी २०६ पुसट दिसला तर तिथेच स्ट्रेच थांबवा, बाहेरच्या भुजांसाठी पुढच्या अमावस्येला आणखी तीन-चार रात्री त्याच चौकटीवर घाला, आणि आजच्या फ्रेम्स, फ्लॅटसह, जपून ठेवा. त्या पुढच्या स्टॅकमध्ये लागतील.