गोळ्या वाटूनही हिमोग्लोबिन का वाढत नाही?

लोहाच्या गोळ्या दरमहा वाटूनही आपल्या अंगणवाडीतील गर्भवतींचे हिमोग्लोबिन 9 च्या आसपासच का राहते आणि आहाराविषयीचे अज्ञान हेच त्याचे कारण मानावे का, असे आपण विचारले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांत काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की, काय खावे हे बहुतेक जणींना ठाऊक असते. ते शिजवायला सवड आणि विकत घ्यायला पैसा असतो का, हा खरा प्रश्न आहे.

मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्याकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, असते. त्यामुळे सातवा महिना लागला तरी बाईला फड सुटत नाही, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. पहाटे अंधारात थापलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधून ती फडात नेते आणि दुपारी चटणीशी खाते. डाळ किंवा पालेभाजी रोज होतेच असे नाही. आडोसा नसल्याने ती पाणीही कमी पिते. गरोदरपणात रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात, हा हिशेब अशा मेहनतीच्या दिवसात मुळातच तोकडा पडतो. शिवाय नोंद गावच्या अंगणवाडीत राहते आणि बाई ऊसतोडीसाठी साखर कारखान्यावर असते, म्हणून घरपोच आहार नेमका गरजेच्या महिन्यांत चुकतो.

गावात राहणाऱ्या बाईचेही सगळे सुरळीत असते असे नाही. शिधा घरात आला की तो सगळ्यांचा होतो आणि सून शेवटी जेवते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल, म्हणून सातव्या महिन्यानंतर हात आखडता घेणाऱ्या सासवा आजही आहेत (त्यांच्या काळी दवाखाना लांब होता, हे विसरून त्यांना दोष देऊ नये). लग्न लवकर आणि दोन बाळंतपणांत अंतर कमी, असे असेल तर शरीरातील लोहाचा साठा आधीच रिता असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या, त्यात नवल नाही.

आता गोळ्यांविषयी. किती वाटल्या यापेक्षा त्या कशाबरोबर घेतल्या, हे विचारा. चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतलेले लोह अंगी कमी लागते. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घेतलेले बरे. मळमळ होईल आणि शौचास काळे होईल, हे आधीच सांगितले नाही तर दुसऱ्या आठवड्यात पाकीट फळीवर पडते. नियमित घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन 1 ग्रॅमनेही वाढले नाही, तर आणखी गोळ्या देत न बसता तिला मोठ्या रुग्णालयात तपासणीसाठी पाठवा. बी-12 ची कमतरता किंवा, विदर्भ व नंदुरबारकडील आदिवासी भागांत, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर केवळ लोहाने भागत नाही.

दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघण्यापूर्वी आपल्या यादीतील गर्भवतींना पुढील महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, हे आरोग्यसेविकेला विचारा, आणि त्या कोणत्या कारखान्यावर जाणार आहेत, तेही लिहून ठेवा.