आरफॅक्टर २ आता घ्यावं का? (उत्तर जरा लांबलंय)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आरफॅक्टर २ हे कार रेसिंगचं सिम (संगणकावर हुबेहूब गाडी चालवायचा खेळ) सेलमध्ये स्वस्तात मिळतंय, त्याच्या फोर्स फीडबॅकचं (गाडीचे धक्के हातातल्या स्टिअरिंगमध्ये जाणवतात त्याचं) कौतुक कानावर आहे, पण वर दोघांनी “मेलेलं सिम आहे, पैसे पाण्यात जातील, सरळ आयरेसिंग घ्या” (ऑनलाइन शर्यतींचं दुसरं सिम) असं सांगितल्यावर तुमचं मन डळमळलंय. शिवाय याला पुढे काही भविष्य आहे का, तेही विचारलंय. मी हे २०१३ पासून चालवतोय, त्याआधी पहिलं आरफॅक्टर होतं, त्यामुळे पाल्हाळ लागणार. चहा घेऊन बसा.

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगतो. एकट्याने चालवायला घेणार असाल तर डोळे झाकून घ्या. माणसांशी शर्यती करायला घेणार असाल तर घेऊ नका. भविष्याचं म्हणाल तर आरफॅक्टर २ ला ते नाही, त्याच्या इंजिनाला (आतल्या मूळ प्रोग्रॅमला) मात्र आहे, आणि ते सध्या ल मान अल्टिमेट या नव्या सिमच्या नावाने धावतंय.

आता हे असं का, ते.

ज्यांना आपण याचे प्रतिस्पर्धी म्हणतो त्यातले बरेचसे याचेच भाऊबंद आहेत. अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात इमेज स्पेस इनकॉर्पोरेटेड, म्हणजे आपली आयएसआय, ही छोटीशी कंपनी. ईएच्या एफ१ २००१, एफ१ २००२ वगैरे खेळांमागे यांचंच इंजिन होतं. २००५ मध्ये त्यांनी आरफॅक्टर काढलं आणि ते मॉडवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःच्या गाड्या-ट्रॅक बनवून त्यात घालणाऱ्या हौशी लोकांसाठी, सताड उघडं ठेवलं. त्याच इंजिनावर सिमबिनने जीटीआर आणि जीटीआर २ केले, ब्राझीलच्या रेझाने पहिलं ऑटोमोबिलिस्टा केलं, रेसरूमचं मूळही तिथेच. त्यातूनच आरएफप्रो नावाची व्यावसायिक शाखा निघाली, जी थेट फॉर्म्युला वनच्या संघांकडे पोचली. एका वाड्यातून निघालेली बिऱ्हाडं आहेत ही. त्यामुळे “अमक्याचं फिजिक्स तमक्याला खाऊन टाकतं” अशी भांडणं इथे दर महिन्याला होतात तेव्हा मला भाऊबंदकीतल्या बांधाच्या वादांची आठवण येते.

आरफॅक्टर २ ची बीटा आली जानेवारी २०१२ मध्ये, पूर्ण आवृत्ती २०१३ मध्ये. तेव्हा त्यात जे होतं ते आज वाचून विशेष वाटणार नाही, कारण आता सगळ्यांकडे आहे. पण तेव्हा कुणाकडे नव्हतं. ‘रिअल रोड’ घ्या. सराव सुरू झाला की डांबर कोरं असतं. गाड्या फिरतील तसं रबर बसत जातं, रेसिंग लाइन काळपट होते, पकड वाढते, आणि लाइनच्या बाहेर रबराचे तुकडे साचतात, तिथे चाक गेलं की गाडी घसरलीच म्हणून समजा. सरावात बसलेलं रबर पात्रता फेरीत आणि तिथून शर्यतीत नेता येतं. म्हणजे शुक्रवारी तुम्ही केलेल्या लॅपांचा उपयोग रविवारी होतो.

आणि टायर. याचं खरं मोठेपण टायरमध्ये आहे. सेब्रिंगच्या शेवटच्या वळणावर, सतराव्या, काँक्रीटच्या जुन्या उंचवट्यांवरून गाडी नाचत असताना जरा जोरात ब्रेक दाबा. पुढचं चाक क्षणभर लॉक होतं. बऱ्याच सिममध्ये धूर दिसतो, आवाज येतो, विषय संपला. इथे पुढच्या सरळ पट्ट्यावर स्टिअरिंगमध्ये एक ठकठक सुरू होते, वेग वाढेल तशी जलद होत जाणारी. टायरचा तेवढाच भाग घासून सपाट झालेला असतो आणि दर फेऱ्याला तो खाली आला की तुमच्या मनगटाला कळतं. मी तेव्हा दुसऱ्या हातचं जी२९ वापरत होतो, दातेऱ्यांचा खडखडाट करणारं स्वस्तातलं स्टिअरिंग चाक, तरी त्याच्यातूनही ते कळायचं. नंतर डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थेट जोडलेलं चाक) घेतलं तेव्हा पहिल्याच फेरीत कळलं की सिम इतकी वर्षं बरंच काही सांगत होतं, माझंच चाक बहिरं होतं.

मग एवढं सगळं असून हे मागे का पडलं?

माझं म्हणणं असं, आणि बऱ्याच जणांना ते पटत नाही, की याला फिजिक्समध्ये कुणी हरवलंच नाही. गाडी चालवण्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं जे काही असतं त्यात हे हरलं. मेनू किचकट, लोडिंगला एवढा वेळ की भाजी निवडून होईल. एका मॉडरची गाडी अप्रतिम, शेजारच्या मॉडरची टाकाऊ, आणि दोन्ही एकाच यादीत मांडीला मांडी लावून बसलेल्या. मॉडची आवृत्ती जुळली नाही तर सर्व्हर आत घेत नाही. सुरुवातीला तर ऑनलाइन खेळायला वर्षाचे वेगळे पैसे होते. २०१६ मध्ये नेदरलँड्सच्या स्टुडिओ ३९७ ने कारभार हाती घेतला, २०१७ मध्ये चित्रं सुधारणारं डायरेक्टएक्स ११ आणलं, चांगले लेझर स्कॅन केलेले ट्रॅक आणले. घर नीट रंगवलं, पण दार कुठे आहे ते पाहुण्याला सापडेना.

इथे आयरेसिंगची गोष्ट काढावीच लागते. पॅपायरस या जुन्या रेसिंग खेळांच्या कंपनीतले डेव्ह केमर आणि धनिक जॉन हेन्री (हो, बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाचे मालक) यांनी २००४ मध्ये कंपनी काढली, २००८ मध्ये सेवा सुरू झाली. फोर्स फीडबॅक कित्येक वर्षं सेकंदाला जेमतेम ६० वेळा येणारा. टायरवर टीका पहिल्या दिवसापासून. महिन्याचे पैसे वेगळे, वर एकेक गाडी सुमारे १२ डॉलरला, ट्रॅक १२ ते १५ ला. कागदावर बघाल तर आरफॅक्टर २ ने याला धुऊन काढायला हवं होतं. पण केमर आणि मंडळींनी एक गोष्ट पहिल्या दिवशी ओळखली: शर्यतीला वेळापत्रक लागतं. ठरलेल्या मिनिटाला शर्यत सुटणार, तुमच्या पातळीची माणसं समोर येणार, धडकाल तर सेफ्टी रेटिंग उतरणार आणि वरच्या वर्गाचा परवाना हुकणार. बारा आठवड्यांचा हंगाम, दर आठवड्याला नवा ट्रॅक. लोकलसारखं आहे ते. डबा जुना आहे, गर्दी आहे, पण ती येते.

पावसाचंच बघा. आयरेसिंगमध्ये पाऊस मार्च २०२४ मध्ये आला आणि जगभर गवगवा झाला. आरफॅक्टर २ मध्ये तो दहा वर्षं आधीपासून पडत होता. फक्त त्या पावसात भिजायला सर्व्हरवर कुणी नव्हतं.

हे मी हवेत बोलत नाही. आमची एक छोटी लीग होती, पुणे, मुंबई, बंगळुरू मिळून सोळा जण, गुरुवारी रात्री दहा वाजता. पहिल्या हंगामात सोळाच्या सोळा. मग कुणाला बाळ झालं, कुणी जर्मनीला गेला, कुणाची शिफ्ट बदलली. गळती सगळ्याच लीगना असते, पण नवीन माणूस यायला हवा ना. तो आलाच नाही. शेवटच्या शर्यतीला आम्ही चौघे होतो. त्यातल्या एकाची वीज गेली, म्हणजे तीन. आणि तिघांनाही पोडियम! युरोपातल्या लीगमध्ये जाऊन पाहिलं. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. दीड तासाची शर्यत संपवून सकाळी नऊच्या मीटिंगला बसून दाखवा.

आता ल मान अल्टिमेट, कारण तुमच्या ‘भविष्य’ या शब्दाचं खरं उत्तर तिथे आहे.

२०२१ मध्ये स्टुडिओ ३९७ मोटरस्पोर्ट गेम्स या कंपनीने विकत घेतला. ही कंपनी खऱ्या शर्यत-मालिकांच्या नावाने खेळ काढायच्या परवान्यांवर उभी होती: नॅसकार, इंडीकार, ब्रिटिश टूरिंग कार, ल मान. २०२३ पर्यंत एकेक पत्ता गळत गेला. नॅसकारचा परवाना ऑक्टोबर २०२३ मध्ये थेट आयरेसिंगकडे गेला, इंडीकारचा त्यानंतर लगेच हातचा सुटला, आणि तो खेळ बाजारात आलाच नाही. मोठी कर्मचारी कपात झाली. त्याच वर्षी जानेवारीत आरफॅक्टर २ वर चाललेल्या ल मान व्हर्च्युअल या ऑनलाइन शर्यतीत सर्व्हरच्या अडचणींनी खेळ थांबवावा लागला, आणि आघाडीवर असलेल्या फॉर्म्युला वन चालक मॅक्स वर्स्टॅपनचं कनेक्शन तुटलं. त्याने थेट प्रक्षेपणातच मनसोक्त तोंडसुख घेतलं. आरफॅक्टर २ ची एवढी मोठी जाहिरात आधी कधी झाली नव्हती, आणि ती अशी झाली.

यातून ल मान अल्टिमेट वर येईल असं मला वाटलं नव्हतं. मी तेव्हा इथेच लिहिलं होतं की सहा महिन्यांत गाशा गुंडाळतील. साफ चुकलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (म्हणजे अपुरं असतानाच विक्रीला) आलं, जुलै २०२५ मध्ये पूर्ण झालं. आत इंजिन आरफॅक्टर २ चंच: तेच टायर, तोच रिअल रोड, तोच पाऊस. बदललं काय, तर पसारा आवरला. सुरुवातीला एकच मालिका, लांब पल्ल्याच्या शर्यतींची जागतिक एन्ड्युरन्स स्पर्धा, तिच्या गाड्या, तिचे ट्रॅक, सगळं एकाच हाताने केलेलं. आणि रोज ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या ऑनलाइन शर्यती, रेटिंगसकट. म्हणजे आयएसआयच्या टायरला शेवटी आयरेसिंगचं वेळापत्रक जोडलं. वेगवान हायपरकार आणि त्यांच्याहून संथ जीटी३ गाड्या एकत्र, पाठीमागून हेडलाइट लुकलुकवत येणारी हायपरकार आरशात मोठी होत जाते, आणि आपण पोर्शे कर्व्हज या वळणांत बाजूला होऊन तिला वाट द्यायची की लाइन धरून ठेवायची हे ठरवतो. ही मजा दुसरीकडे एवढी चांगली मिळत नाही.

पण दोन शंका आहेत. एक, ल मान अल्टिमेटमध्ये मॉड चालत नाहीत. आरफॅक्टर ज्यामुळे आरफॅक्टर झालं तेच दार बंद. दोन, सगळा डोलारा एका परवान्यावर. ज्या घरातून तीन परवाने गेलेले आपण पाहिलेत तिथे चौथ्याबद्दल निर्धास्त राहणं मला जमत नाही. तरी सध्या मी माझा निम्मा वेळ तिथेच घालवतो.

बाकीच्यांबद्दल भराभर. जुनं असेटो कोर्सा २०१४ चं, अजून नव्यांपेक्षा जास्त गजबजलेलं, ते सगळं मॉडवाल्यांच्या जिवावर. कंटेंट मॅनेजर आणि शेडर पॅच हे जोड-प्रोग्रॅम टाकल्याशिवाय त्याचं तोंडही बघू नका. त्याच्याच पुढच्या भावाने, कॉम्पेटिझिओने, २०१९ मध्ये फक्त जीटी शर्यती घेतल्या आणि त्या उत्तम केल्या. त्याच घरातलं ईव्हीओ जानेवारी २०२५ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलं. हे तिन्ही करणाऱ्या कुनोसने त्यात अनरियल हे बाहेरचं इंजिन सोडून पुन्हा स्वतःचं इंजिन लिहिलंय. त्यावर आत्ताच निकाल द्यायची मला घाई नाही. कॉम्पेटिझिओही सुरुवातीला कच्चंच होतं. ऑटोमोबिलिस्टा २ मधल्या जुन्या फॉर्म्युला गाड्या आणि इंटरलागोसच्या जुन्या आवृत्त्या यांवर माझा जीव आहे, पण ऑनलाइनची बोंब तिथेही आहेच. प्रोजेक्ट मोटर रेसिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये आलं. आधी गाजावाजा फार, नंतर शिव्या फार. सेलची वाट बघा, एवढंच सांगेन.

तेव्हा तुमच्यासाठी हिशोब असा. माणसं हवी असतील आणि महिन्याचे पैसे खटकत नसतील तर आयरेसिंग. माणसं हवीत, एन्ड्युरन्स आवडतं आणि महिन्याचे पैसे नकोत तर ल मान अल्टिमेट. रात्री दहानंतर घर झोपल्यावर तासभर एकट्याने चाक धरायचं असेल, शर्यतीपेक्षा गाडीशी बोलण्यात रस असेल, तर आरफॅक्टर २, सेलच्या किमतीत. याचे एआय चालकही भले आहेत, तुमच्यासाठी जागा सोडतात आणि चुकाही करतात.

घेतलंत तर दोन गोष्टी. महागडे गाड्यांचे गठ्ठे लगेच विकत घेऊ नका, फुकट मिळणाऱ्यात महिनाभर जाईल. आणि फोर्स फीडबॅक मेनूतून वाढवत बसू नका. गाडीनुसार वेगळा गुणक असतो, तो थोडा कमीच ठेवा. स्टिअरिंग सगळीकडे सारखंच जड लागायला लागलं म्हणजे बारीक हालचाली बुजल्या.

मग स्टीमच्या वर्कशॉपमधून (मॉडच्या साठ्यातून) ब्रॅबहॅम बीटी२० ही जुनी फॉर्म्युला वन गाडी आणि १९६६ चं जुनं स्पा हा ट्रॅक उतरवा. तीन लिटरचं रेप्को व्ही८, पंख नाहीत, टायर बारीक, आणि १४ किलोमीटरची एक लॅप, शेतांतून आणि घरांच्या भिंतींना खेटून जाणारी. पहिल्या पाच लॅप मास्टाच्या वळणाआधी ब्रेक लावा, लाज बाळगू नका. सहाव्या लॅपला फक्त पाय किंचित उचलून बघा. मागचं चाक सुटायच्या आधी स्टिअरिंग एकदम हलकं होतं, अर्धा सेकंदसुद्धा नसेल. तो हलकेपणा हाताला कळला की इथे येऊन लिहा, सेटअप मी पाठवतो.