मेश तुटतो म्हणून लगेच एसपीएच घ्यायचं का?

तुमचा प्रश्न असा: सांगलीत एम.टेक.चा प्रोजेक्ट, १२ मिमी ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ६०० मी/से वेगानं स्टीलची गोळी आदळते त्याचं संगणकावर सिम्युलेशन, रन अर्ध्यात ‘निगेटिव्ह व्हॉल्यूम’ (मेशचा एखादा तुकडा उलटा झाला) म्हणून थांबतो, आणि मित्र एसपीएच (स्मूद्ड पार्टिकल हायड्रोडायनॅमिक्स, म्हणजे मेशऐवजी कणांनी मटेरियल मांडणारी पद्धत) वापरा म्हणतात. माझं मत, अजून नको. मोजायचं काय आहे ते आधी ठरवा.

मेश म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, करून बनवलेली जाळी. लॅग्रांजियन मेश मटेरियलला चिकटलेला असतो. मटेरियल वाहिलं की एलिमेंट चेपतं, पिरगळतं, शेवटी उलटं होतं. त्याच्या आधीपासूनच रन मंदावतो, कारण टाइम स्टेप (गणित एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतं तो) सर्वांत लहान एलिमेंटवर ठरते: ध्वनिलहर ते ओलांडायच्या आत स्टेप संपली पाहिजे. ॲल्युमिनियममध्ये वेग सुमारे ५००० मी/से धरला, तर १ मिमीला ०.२ मायक्रोसेकंद. तेच एलिमेंट ०.१ मिमीपर्यंत चेपलं की ०.०२, आणि ती स्टेप सगळ्या मॉडेलला लागू.

पलीकडे निघालेल्या गोळीचा वेगच हवा असेल, तर इरोजन लावा, म्हणजे फार विकृत झालेलं एलिमेंट गणितातून काढून टाका. मात्र एलिमेंट काढलं की त्याची साठलेली ऊर्जा जाते, काही मॉडेलमध्ये वस्तुमानही जातं. फेल्युअर स्ट्रेन (एलिमेंट तुटलं असं मानायची विकृतीची मर्यादा) मेशच्या मापाशी बांधलेला असतो, त्यामुळे मेश बदलला की उत्तर हलतं. तीन वेगवेगळ्या मेशवर रन करून वेग किती सरकतो ते दाखवा. अवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या विकृती रोखण्यात खर्च होणारी ऊर्जा) आंतरिक ऊर्जेच्या ५–१० टक्क्यांवर गेली असेल, तर तो रन प्रबंधात घेऊ नका.

मागून उडणारे तुकडे अभ्यासायचे असतील तर एसपीएच योग्य. १९७७ साली ती खगोलशास्त्रासाठी निघाली. मेशच नाही, म्हणून गुंता नाही. पण मटेरियल ओढलं गेलं की कण आपोआप गोळा होतात आणि प्रत्यक्षात नसलेली भेग पडलेली दिसते. प्लेटच्या मागच्या बाजूचा पापुद्रा सुटणं बघणाऱ्यानं यापासून फार जपावं. गोळीच्या दोन-तीन व्यासांपुरते कण आणि बाकी प्लेट साध्या एलिमेंटची, ही जोडणी मला सर्वांत भरवशाची वाटते. १९९४ ची एमपीएम (मटेरियल पॉइंट मेथड) हाही चांगला पर्याय आहे: मटेरियलचा इतिहास कणांवर राहतो, मागची जाळी प्रत्येक स्टेपला नव्यानं सुरू होते.

स्फोटाचं गणित वेगळं. तिथला वायू ऑयलरियन, म्हणजे जागेवर स्थिर राहणाऱ्या, जाळीत ठेवा.

पद्धतीपेक्षा मला जास्त काळजी तुमच्या मटेरियल डेटाची आहे. कुपवाड एमआयडीसीत नमुना टर्न करून यूटीएमवर (ओढून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ओढला, तर जॉन्सन-कुकचे, म्हणजे विकृती, तिचा वेग आणि तापमान यांवरून मटेरियलची ताकद देणाऱ्या सूत्राचे, ए, बी, एन मिळतील. पण तिथला स्ट्रेन रेट (विकृतीचा वेग) सेकंदाला ०.००१ च्या आसपास. धडकेत तो दहा हजारांच्या वर जातो. वेगाचा परिणाम सांगणारा सी त्यातून निघत नाही, त्याला हॉपकिन्सन बार (अतिवेगानं धक्का देऊन चाचणी करणारं उपकरण) लागतो. तो मिळेपर्यंत तुमच्याच मिश्रधातूची, त्याच टेम्परची (उष्णता-प्रक्रियेच्या अवस्थेची) प्रकाशित मूल्यं घ्या. मग टेलरची १९४८ ची चाचणी, म्हणजे भिंतीवर आदळणारा दंडगोल, आधी सोडवा. त्याची उरलेली लांबी आणि चेपलेल्या टोकाचा व्यास प्रकाशित प्रयोगांशी जुळला की प्लेटकडे वळा.

एवढं करून पुढच्या पोस्टमध्ये एकूण, आंतरिक आणि अवरग्लास ऊर्जेचे ग्राफ टाका. ते पाहून नेमकं सांगता येईल.