एका दिवसात किती बघायचं?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो, गाडी नाही. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात) आणि दहा वर्षांचा मुलगा यांना घेऊन सहल काढायची आहे. सासूबाईंना एकवीरेचं दर्शन घ्यायचंय, मुलाला लोहगड हवाय, मला कार्ले आणि भाजे दोन्ही लेणी बघायची आहेत, आणि लोणावळाही राहायला नको. एका दिवसात कसं बसवू?

उत्तर : ताई, बसवू नका. मी लहान असताना बाबांनी असंच एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली होती. त्यातलं आज मला फक्त एसटीच्या खिडकीचं गज आठवतं. तेव्हापासून मी एका दिवसाला एकच डोंगर धरते.

या खेपेला कार्ले करा. तुमचं आणि सासूबाईंचं दोघींचं काम एकाच जागी होतं, कारण देवीचं देऊळ लेण्याच्या अगदी दारातच आहे. लोणावळा लोकलने मळवलीला उतरा, तिथून रिक्षा करा. गाडी निम्मा डोंगर चढते, त्यामुळे खालपासूनच्या साऱ्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. उरलेल्या पायऱ्यांवर ओटी-नारळाची दुकानं दोन्ही बाजूंनी लागलेली असतात, तिथे बसत बसत जा. मागच्या कार्तिकात मी आईला नेलं तेव्हा ती दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर टेकत होती, तरी साडेनऊला वर पोचलो. उशीर केलात तर रविवारच्या दर्शनाच्या रांगेतच दुपार होईल.

आता लेण्याबद्दल. आत शिरल्या शिरल्या फोटो काढू नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसतं उभं राहा. मग वर बघा. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतील. दगडात कोरलेल्या नव्हेत, खरं लाकूड, दोन हजार वर्षांपूर्वीचं. आधी अशी सभागृहं लाकडाचीच बांधत, दगडात खोदतानाही कारागिरांनी ती घडण सोडली नाही. समोरच्या स्तूपावरची छत्रीही लाकडीच आहे. आईला ती दाखवली, तर ती म्हणाली, "आपल्या घराचं आढं शंभर वर्षांत वाळवीनं गेलं गं." मग बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

खांबांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी आहेत. मुलाला ती शोधायला सांगा. काही खांबांवर ब्राह्मी अक्षरं आहेत, खांबांसाठी दान देणाऱ्यांची. त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीकसुद्धा आहेत. ओसरीतल्या एका लेखात वैजयंती नगरीचा भूतपाल शेठ म्हणतो की हे शैलगृह, म्हणजे डोंगरात कोरलेलं घर, जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम आहे. ती अक्षरं बघताना मला दर वेळी वाटतं, त्याचा शब्द खरा ठरला. खोदीव चैत्यगृहांत, म्हणजे स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहांत, भारतात याहून मोठं दुसरं नाही.

लोहगड आणि भाजे यांची जोडी दुसऱ्या खेपेला ठेवा आणि त्या दिवशी सासूबाईंना घरी आराम करू द्या. भाजे स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला, चालत जाण्याजोगं आहे. तिथल्या चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत, तेही लाकडी बांधणीचंच अनुकरण. गडावर मुलाला विंचूकाटा नक्की दाखवा, विंचवाच्या नांगीसारखी लांब गेलेली ती सोंड त्याला फार आवडेल. हा गड १६४८ मध्ये स्वराज्यात आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला आणि १६७० मध्ये परत घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत लोहगड आहे. हे त्याला चढतानाच सांगा, पाय आपोआप उचलतील.

लोणावळा यातून वगळा. रविवारी तिथे गाड्यांच्या रांगांशिवाय काही हाती लागत नाही.

एक मात्र विसरू नका. दुपारच्या लोकल विरळ असतात. मळवलीला उतरल्यावरच परतीची वेळ बघून ठेवा, म्हणजे सासूबाईंना फलाटावर ताटकळत बसावं लागणार नाही. आणि त्यांच्यासाठी काठी घ्या, त्या नको म्हणाल्या तरी.