हे तुला कुठे मिळाले?

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले. नववीच्या बहुतेक प्रकल्पवह्यांत विजयदुर्गाची माहिती त्याच वाक्यांत आली आहे, इतकेच नव्हे तर ऋणनिर्देशही शब्दशः एकच आहे, म्हणून साऱ्या वर्गाला प्रकल्प पुन्हा लिहायला लावावा का, असे तू विचारतोस. लावू नकोस; मुले दुसऱ्या ठिकाणाहून उतरवून आणतील, एवढेच होईल. फळ्यावरचे उतरवा, गाइडमधले उत्तर पाठ करा, पंधरा ऑगस्टचे भाषण छापील संग्रहातून घ्या, असे आपणच त्यांना पाचवीपासून सांगत आलो आहोत आणि सुवाच्य अक्षराला शाबासकी देत आलो आहोत. त्याच मुलांच्या त्याच कृतीला नववीत एकाएकी चोरी म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

त्याऐवजी त्या वह्यांतलेच एक वाक्य वर्गापुढे ठेव. ‘१८६८ साली नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला’ हे वाक्य आपल्या जिल्ह्यात इतक्यांदा उतरवले गेले आहे, की त्यावर शंका घेणे गावाचा अपमान केल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अशी की १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते; ऑक्टोबरमध्ये त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट अभ्यासला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याचा तर्क मांडला गेला. पृथ्वीवर हेलियम रॅम्झी यांना १८९५ मध्ये सापडला. लॉकयर विजयदुर्गावर आले हे खरेच आहे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणांची गल्लत झाली आणि कुणीच आपली माहिती कुठून घेतली ते न लिहिल्यामुळे ती दुरुस्त करायला मागे जाण्याची वाटच उरली नाही. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’, म्हणजे लॉकयर यांच्या निरीक्षणासाठी बांधलेले चौथरे, आपल्या मुलांनी पाहिलेले असतात, त्यामुळे हे उदाहरण त्यांना चटकन भिडेल. मूळ लेखकाचा मान राखणे हे एक कारण झालेच. परंतु आपले लिहिणे दुसऱ्याला तपासता यावे, हे कारण नववीच्या मुलाला अधिक पटते, असा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्ष शिकवताना एकच परिच्छेद घे. तो दोनदा वाचायला लाव, पुस्तक मिटायला सांग आणि मग लक्षात राहिले ते लिहू दे. लेखकाचे एखादे वाक्य जसेच्या तसे हवेच असेल, तर ते टिपतानाच अवतरणचिन्हांत घातले पाहिजे, कारण आठवड्याने वही उघडल्यावर आपले कोणते आणि त्याचे कोणते हे मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. समासात पुस्तकाचे नाव, लेखक, साल आणि पान एवढे पुरे. मात्र एक गोष्ट ठामपणे सांग, की शब्द बदलले तरी माहिती दुसऱ्याचीच राहते. ‘किल्ला’च्या जागी ‘दुर्ग’ लिहिल्याने श्रेय देण्याची जबाबदारी संपत नाही. उलट सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, अशा सर्वज्ञात गोष्टीला आधार देण्याची गरज नसते. ही सीमारेषा मुलांना उदाहरणांनीच कळते, व्याख्येने नव्हे.

‘स्रोत : गूगल’ हे उत्तर स्वीकारू नकोस. गूगलने पान दाखवले. ते लिहिले कुणी, हे शोधायला लाव. मराठी विश्वकोशातल्या नोंदींखाली लेखकाचे नाव असते, ते बहुतेकांनी कधी पाहिलेलेच नसते. विकिपीडियाचा मजकूर वापरायला मोकळा आहे, पण श्रेय देण्याच्या अटीवर. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेल्या मजकुराबद्दल तर अधिक सावध राहा, कारण ती साधने कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे संदर्भ देतात. संदर्भ दिला असेल तर ते पुस्तक किंवा पान उघडून दाखवायला सांग.

आपल्याकडे आणखी एक प्रकार आहे, आणि त्याची पाठ्यपुस्तकांत क्वचितच दखल घेतली जाते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे) कशी ओढतात, खाडीतले पाणी कोणत्या महिन्यात गढूळ होते, दशावतारात संकासूर कसा उभा करतात, हे मुले घरच्या आणि वाडीतल्या माणसांकडून ऐकून येतात आणि ‘माहिती मिळाली’ असे कर्त्याविना लिहून टाकतात. ज्याने सांगितले त्याचे नाव, गाव आणि तारीख लिहायला लाव, आणि नाव छापू का, हे त्याला आधी विचारायला लाव. छापील पुस्तकाच्या लेखकाला मान द्यायचा आणि होडीवरच्या काकांना ‘स्थानिक लोक’ म्हणून गुंडाळायचे, हा भेद मला फार खटकतो. (आपल्या शिक्षकांच्या गटांत फिरणाऱ्या प्रश्नपत्रिकांवरही तयार करणाऱ्याचे नाव नसते, पण तो विषय शिक्षकांच्या बैठकीत काढायचा.)

राहता राहिले गुण. सजावट, मुखपृष्ठ आणि पानांची संख्या यांना गुण देणे बंद कर. निदान निम्मे गुण तोंडी विचारपूस करून दे. वहीतले कोणतेही एक वाक्य निवडायचे आणि ‘हे तुला कुठे मिळाले?’ एवढेच शांतपणे विचारायचे. पहिल्या सत्रात उत्तर आले नाही तर गुण कापू नकोस, शोधून आणायला मुदत दे. दुसऱ्या सत्रापासून काप, आणि तसे आधी सांगून ठेव.

कळावे, लोभ आहेच.