ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

चि. डॉक्टर,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर दहा मिनिटं नुसतं प्लेटलेटबद्दल बोललीस. सात नंबरच्या कॉटवरच्या डेंगीच्या मुलाचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, किती, असं विचारलं तेव्हा मात्र गप्प झालीस. फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

डेंगीच्या दिवसांत सगळ्या वॉर्डाची नजर एकाच आकड्यावर असते. "पेशी किती झाल्या?" नातेवाईक रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेटना बिनधास्त 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, पपईच्या पानांचा रस आणतात, महागडी किवी आणतात. त्यांना दोष देऊ नकोस, तो आकडा आपणच त्यांच्याकडून पाठ करून घेतलाय. सिंगापूर आणि मलेशियात मोठ्या माणसांवर एक चाचणी झाली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. प्लेटलेट 20,000 किंवा त्याखाली, पण रक्तस्राव नाही, अशा रुग्णांना प्लेटलेटच्या पिशव्या चढवून रक्तस्राव काही टळला नाही, उलट त्रास वाढले. तरी पिशव्यांसाठी धावाधाव चालूच आहे.

डेंगीत माणूस बहुतेक वेळा शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना रक्त पुरत नाही अशा अवस्थेत, जातो तो रक्तातलं पाणी झिरपून गेल्यामुळे. ते कसं झिरपतं, हे एकदा डोळ्यांपुढे आण. रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. त्यावर रक्ताच्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचा लेप असतो, ग्लायकोकॅलिक्स. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात पाणी धरून ठेवणारं प्रथिन, आत रोखून धरण्यात या लेपाचा मोठा वाटा. आता तू रोज किटवर तपासतेस ते डेंगी विषाणूचं प्रथिन, एनएस1, आठव. तुझ्या लेखी ती फक्त एक रेघ आहे. पण लागण झालेल्या पेशी हे प्रथिन रक्तात सोडत असतात, आणि 2015 मध्ये प्रयोगांतून दिसलं की सोबत विषाणू नसला तरी ते एकटंच अस्तर गळकं करू शकतं. ते अस्तराच्या पेशींचीच विकरं, सायलिडेज आणि हेपॅरनेज, कामाला लावतं आणि तीच आपल्याच पेशींवरचा लेप कुरतडतात. वर ते टीएलआर4 हा रिसेप्टरही चेतवतं, म्हणजे जिवाणूंच्या विषाने जी घंटा वाजते तीच. मग दाह पेटवणाऱ्या सायटोकाइन रसायनांचा भडका उडतो, पेशीपेशींमधले सांधे सैल होतात.

गंमत अशी की या सगळ्यात अस्तराच्या पेशी फारशा मरत नाहीत. माठ फुटलेला नसतो, पाझरत असतो. म्हणून तर 24 ते 48 तासांत गळती आपोआप थांबते, फुटका माठ असा सांधला नसता. (हंटा विषाणूचंही वाच कधी. तो थेट या पेशींत मुक्काम करतो, त्यांना मारत नाही, तरी फुप्फुसं पाण्याने भरतात.)

आधी डेंगी होऊन गेलाय का, हे विचारायला विसरू नकोस. क्यूबात 1977 मध्ये डेंगी विषाणूच्या पहिल्या प्रकाराची साथ आली आणि 1981 मध्ये दुसऱ्या प्रकाराची. गंभीर झालेले बहुतेक जण आधी पहिल्या प्रकारातून गेलेले होते. जुन्या लागणीतल्या अँटिबॉडी नव्या प्रकाराला अडवत तर नाहीत, उलट पेशीत शिरायला वाट करून देतात.

आता माझी चूक ऐक. मी रेसिडेंट होतो, पावसाळा होता, कॉटा पुरत नव्हत्या. एका बाईंचा ताप पाचव्या दिवशी उतरला. हिमोग्लोबिन 12.5 वरून 15.5 झालेलं. मी घरच्यांना हसत सांगितलं, "रक्त वाढलंय, उद्या घरी." रक्त कसलं वाढतंय! पाणी निघून गेलं होतं, लाल पेशी तेवढ्या मागे राहिल्या होत्या. संध्याकाळी बीपी 100/80. वरचा आकडा बघून मी पुढच्या कॉटकडे वळलो. दोन आकड्यांत फरक फक्त 20 उरलाय, म्हणजे हा शॉक आहे, हे सिस्टरने हात गार लागतात म्हटल्यावर कळलं. बाई वाचल्या, सिस्टरमुळे.

तेव्हा ताप उतरला की घरचे सुटकेचा श्वास सोडतील, तू सोडू नकोस. पोट दुखतंय का, उलट्या थांबत नाहीत का, लघवी शेवटची कधी झाली, पोरगं उगाच चिडचिड करतंय का किंवा झोपाळलंय का, हे विचार. पीसीव्ही पहिल्या दिवसाचा लिहून ठेव. 38 चा 46 झाला तर 20 टक्क्यांच्या वर गेला. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत सुजलेली किंवा उजव्या छातीत पाणी दिसलं, तर गळती चालू आहे असं समज.

सलाइनचं मात्र भान ठेव. धोक्याची लक्षणं असली आणि शॉक नसला तर ताशी किलोमागे 5 ते 7 मिलीने सुरू कर, एक-दोन तासांनी पुन्हा तपास आणि कमी करत जा. गळती थांबली की बाहेर गेलेलं पाणी परत रक्तात येतं. तेव्हाही बाटली तशीच चालू ठेवलीस तर रुग्ण रात्री धापा टाकत उठून बसेल, आणि तो दोष डेंगीचा नसेल.

सात नंबरचा ताप आज सकाळी उतरला, असं तू म्हणालीस. मग आज रात्री त्याच्याजवळून हलू नकोस. बीपी घेतेस तेव्हा खालचा आकडाही मोठ्याने वाच. पहाटेचा पीसीव्ही आला की मला कळव, मी जागाच असतो.

तुझा,
सर